तान्ह्या मुलांच्या काचा

॥ श्री ॥
सातारा,
ता. ६ नोव्हेंबर १९४९

चि. सौ. माला हिस,

दादाचे अ. उ. आ. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत, तिकडील खुशाली लिहीत जावी.

भाऊबीजेला येऊन गेलीस आणि घर ओकंबोकं झालं. तुझी वहिनी म्हणते, सुलूच्या बडबडीची इतकी सवय झाली होती की आता जेवताना आपलाच घास ऐकू येतो. तुम्ही सांगलीकर कालपर्यंत संस्थानचे म्हणून आम्हांला नाक मुरडत होता. आता तुमचा जिल्हा दक्षिण सातारा झाला, तेव्हा यापुढे पत्रं जरा वडीलकीचा मान राखून लिहावीत, ही सूचना.

एक गोष्ट तुझ्याशी समोरासमोर बोलायची होती, ती पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या फोटोंचा संग्रह करायला घेतला आहे. तिथले एक गृहस्थ दिवाळीआधी दुकानात आले होते. साताऱ्यात आप्पांच्या फोटोंच्या मूळ काचा अजून शाबूत आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. पहिल्या महायुद्धावर निघालेले आपल्या भागातले शिपाई, लोणंदच्या बाजारातले पागोटीवाले व्यापारी, म्हसवडच्या रथापुढचे मानकरी, आणि ढिगांनी तान्ही मुलं. ते गृहस्थ एकेक काच उजेडाकडे धरायचे आणि खाली ठेवायचंच विसरायचे. म्हणाले, ही माणसं गेली, त्यांचे कपडे गेले, बसायची ती ऐटही गेली, आता या काचाच काय त्या राहिल्यात.

खरं सांगतो, त्या दिवशी आप्पांची फार आठवण झाली. आपण त्या पेट्यांना अडगळ म्हणत आलो. माळ्यावर ओल येते. काचांवरचा थर सुटायला लागला आहे, काहींना बुरशी धरली आहे. आणखी दोन-तीन पावसाळे गेले तर खिडकीला लावायच्या काचा तेवढ्या उरतील. ग्रंथालयात लोखंडी कपाटं आहेत. प्रत्येक काचेला वेगळं पाकीट करून त्यावर आतल्या माणसांची नावं लिहितात. आप्पांनी काठावर मोडीत नावं कोरून ठेवली आहेतच, ती मी वाचून देणार आहे.

आप्पांचे वारस आपण दोघंच, म्हणून संमतीच्या कागदावर दोघांच्याही सह्या लागतात. कागद सोबत पाठवला आहे. काचा न्यायला ग्रंथालयाची गाडी डिसेंबरात येईल, त्याच्या आत धाड. मेहुण्यांना नमस्कार, सुलूस गोड पापा. लोभ आहेच, तो काही सहीवर अवलंबून नाही.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
सांगली,
ता. १४ नोव्हेंबर १९४९

ती. दादा यांस,

मालाचा शि. सा. न. वि. वि. वडीलकीचा मान राखून लिहिते, की मी सही करणार नाही. कागद फाडला नाही, देव्हाऱ्यापाशी नीट घडी करून ठेवला आहे. एवढा मान तूर्त पुरे.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. परवा सुलू माझं जुनं लुगडं गुंडाळून आरशापुढे उभी राहिली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, ही आमच्यावर गेलेली नाही आणि तुझ्यावरही नाही, हिच्यात तुझी आई उतरली असणार. आणि मग मला विचारलं, की तुझी आई दिसायला कशी होती. मी काय सांगणार, दादा? अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची. लोकांच्या आया जातात, पण त्यांना डोळे मिटले की दिसतात तरी. माझे डोळे मिटले की अंधार. मी ठोकून दिलं, की उजळ होती, नाक सरळ होतं. सपशेल खोटं. मग चुलीपाशी जाऊन बसले आणि धुराचं निमित्त करून पुरतं रडून घेतलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो किती असावा? सगळ्या साताऱ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाने आपल्या बायकोचा एकही काढू नये, हे माझ्या मनाला पटत नाही. ती त्या पेट्यांत कुठेतरी असलीच पाहिजे. नवरदेवाच्या मिशीत अडकलेली अक्षत तुम्हांला फोटोत दिसते आणि पेन्सिलीने तुम्ही ती घालवता. मग आई कशी दिसत नाही? एकदा काचा गेल्या, की माझी आई कुणा परक्याच्या पाकिटात कायमची बंद होईल. आधी तिला शोधा. मग मी एक सोडून दहा सह्या करीन.

तुमचे मेहुणे गुळाच्या सौद्यांत गुंतले आहेत, घरी येतात ते हातपाय धुवायला. वहिनींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे ना, मग एवढं कराच.

आपली,
माला

॥ श्री ॥
सातारा,
ता. २२ नोव्हेंबर १९४९

चि. सौ. माला हिस,

दादाचे अ. उ. आ. तुझं पत्र वाचून राग आला. मी तिला शोधलं नसेल, असं तुला वाटलंच कसं? आप्पा गेले त्या वर्षी एकेक काच पाहिली होती. या आठवड्यात दुकान अर्धं बंद ठेवून सगळ्या पुन्हा पाहिल्या. आई नाही.

कारण तुला ठाऊक आहे. आपल्याकडे तेव्हा बायकांचा गोषा. परक्या पुरुषापुढे जायचं नाही, आणि फोटो म्हणजे तर चेहरा कायमचा घराबाहेर गेला. आप्पांनीही ती रीत मोडली नाही. एकदा जेवताना त्यांनी विषय काढलेला मला आठवतो. आई माझ्याकडे बघून म्हणाली होती, की घाई काय आहे, सयाजीची बायको येऊ दे, सासू-सुनेचा मिळूनच काढू.

तुला वाटत असेल, दादाने तरी आई डोळे भरून पाहिली. मी नऊ वर्षांचा होतो. तिची हाक आठवते, शेवटचं अक्षर लांबवायची. गरम भाकरी मोडून माझ्यासाठी वाफ जाऊ द्यायची, ती बोटं आठवतात. पण चेहरा आठवायला गेलो की म्हसवडची साळूआत्याच पुढे येऊन उभी राहते. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो, तुझ्या वहिनीजवळही नाही.

त्या गृहस्थांचं पत्र आलं आहे. त्यांचा जीव तान्ह्या मुलांच्या काचांवर. त्या काचांवर मुलाभोवती आप्पांनी लाल रंग फासला आहे. तसा रंग लावला की तेवढा भाग छापताना कोरा येतो आणि मूल ढगात बसल्यासारखं दिसतं. रंगाखाली काय आहे, असं त्यांनी विचारलं होतं. मी कळवलं, चादर घातलेली खुर्ची. आप्पांच्या फोटो काढायच्या, काचेच्या छपराच्या खोलीत आम्हां पोरांना मज्जाव असे, पण एवढं तर धंद्यातला कुणीही सांगेल.

गाडी वीस डिसेंबरला येते. हट्ट सोड, माले. आपली आई मिळाली नाही म्हणून लोकांचे आईबाप बुरशीला द्यायचे का? तब्येतीस जप. लोभात उणं येऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

म्हसवड,
ता. ३ डिसेंबर १९४९

चि. सौ. विजयमाला हिस,

साळूआत्याचे अनेक आशीर्वाद. (बाई सांगतात तसंच उतरून घेत आहे. शुद्ध करायला गेलो की रागावतात. – नानासो मास्तर.)

तुजं पत्र मास्तरानी वाचून दावलं. सिद्धनाथाचा रथ झाला, पावणेरावळे आत्ताशी गेले, म्हून जबाब द्यायला उशीर झाला. गुडगं सोडलं तर मी लय झ्याक हाय.

आगं, तू इचारतीस, आईचा फोटू हाय का. एकलीचा न्हाई. पर तिच्याबिगर तुज्या बाचा धंदाच झाला नसता, ह्ये तुमाला कुनी सांगितलंच न्हाई व्हय? आवं मास्तर, ह्ये नीट लिवा.

तवा गोषाची घरं. पोर झालं की फोटू काढायची लय हौस, पर बाळंतीन कशी येनार दुकानात? पोर घिऊन यायचा आजा, न्हाईतर घरचा गडी. कॅमेऱ्याम्होरं बसवलं की त्ये भोकाड पसरायचं. बाप्याच्या हातात तान्हं पोर कुटं गप बसतंय? आन् हललं की काचंवर समदं पुसाट. मंग आप्पा आत हाक मारायचा. वैनी, म्हंजी तुजी आय, डोस्क्यापासनं पायापत्तोर चादर घिऊन खुर्चीवर बसायची आन् पोर मांडीवर घ्यायची. बगनाऱ्याला वाटावं, खुर्चीवर चादर टाकलीया. एक हात तेवढा भाईर, पोराच्या कमरंशी. आतनं हळू गुनगुनायची. कसलंबी रडकं पोर गप व्हायचं, आन् लोकं म्हनायची, आप्पाच्या हातात जादू हाय. मागनं आप्पा काचंवर लाल रंग लावून तिला हातासकट झाकून टाकायचा. म्हंजी गोषाबी ऱ्हायला आन् फोटूबी झाला.

म्या एकदा म्हनलं, वैनी, काचंच्या खोलीत ऊन मरनाचं, त्यात चादर, गुदमरशील की. तर मला म्हनली, वन्सं, लोकाच्या बाळाचा का हुईना, वास घ्यायला मिळतूय. तवा तुज्या दादाच्या पाठची तिची दोन पोरं गेल्याली हुती. तुजा जल्म झाला न्हवता.

ती गेली आन् आप्पानं पाटीच लावली, हितं तान्ह्या पोरांचं फोटू निघत न्हाईत. लोकं म्हनली, चालता धंदा का बसवला. त्यो काय सांगनार?

सयाजीला म्हनावं, रंग पूस. आन् सुलीला घिऊन ये एकदा, मी हाय तवर.

तुजी,
साळूआत्या

॥ श्री ॥
सांगली,
ता. ७ डिसेंबर १९४९

ती. दादा यांस,

मालाचा शि. सा. न. वि. वि. सोबत साळूआत्याचं पत्र आहे. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? मी रडू आवरलं म्हणून लिहायला बसले, पण ते आवरलेलं नव्हतं. अक्षर फुटलं असेल तर समजून घ्या. माझा राग सांगते. अख्ख्या साताऱ्याची पोरं माझ्या आईच्या मांडीवर बसून गेली. आज त्यांतला कुणी मामलेदार असेल, कुणी पलटणीतून सुभेदार होऊन आला असेल, मिशा पिळत हिंडत असतील, आणि त्यांना त्याची दादही नाही. त्यांना ती पाव घटका मिळाली, मला दीड वर्ष. पण त्यांच्याजवळ फोटो आहे आणि मी मात्र रिकामी. हसताय ना? मलाही रडता रडता हसू आलं.

आप्पांचा फार राग आला. आपल्याच हाताने तिला रोज झाकत होते. मग त्या पाटीचं वाचलं आणि रागही धरवेना.

तुम्ही त्या गृहस्थांना खुर्ची म्हणून कळवलंत ना? आता निस्तरा. रंग पुसा, दादा. खाली जे असेल ते छापून मला पाठवा. नुसता हात असला तरी चालेल. सहीचं नंतर पाहू. वाट बघते आहे, लोभ असेल तर उशीर लावू नका.

आपली,
माला

॥ श्री ॥
सातारा,
ता. १४ डिसेंबर १९४९

चि. सौ. माला हिस,

दादाचे अ. उ. आ. रंग पुसला. तुझी वहिनी कापूस भिजवून देत होती आणि मी पुसत होतो. पहिली काच फार जपून पुसली, थर निघून आला असता तर सगळंच गेलं असतं. लाल पाणी बशीत उतरलं. काच खिडकीशी धरली.

खुर्ची कसली! मान आहे, खांदे आहेत, चादरीखाली वाकलेली पाठ आहे. माणूस बसला की खांदे कुठे येतात, हे मला दुसऱ्याने सांगावं लागू नये. पण लाल रंग लावला म्हणजे खाली पाहण्यासारखं काही नाही, अशी आम्हां फोटोवाल्यांची नजर तयार झालेली असते. साऱ्या जन्मात मी त्या रंगाच्या कडेपर्यंतच पाहिलं.

हात प्रत्येक काचेत आहे. मनगटावर गोंदलेली तुळस आहे, पुढे चुडा. ती तुळस मी लगेच ओळखली. ताप आला की तो हात माझ्या कपाळावर असायचा. ओळखली आणि चाळिशीचा घोडा मी, तुझ्या वहिनीसमोर ढसढसा रडलो. ती बिचारी कापूस तसाच धरून बसली. सासूला तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने चादरीच्या खांद्यांवर बोट ठेवून विचारलं, की या दमल्यात का हो?

छापून पाठवतो आहे. कुठे मूल तिच्या हाताला धरून हसतं आहे, कुठे अंगठा चोखत झोपी गेलं आहे. चेहरा कशातच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वांत खालचा फोटो मात्र वेगळा आहे, तो शेवटी पाहा. ती काच खराब काचांच्या पेटीत होती. खराब झालेली काच आप्पा खरवडून पुन्हा कामाला लावायचे, ही त्यांनी तशीच ठेवली. तिच्यावर रंग नाही, कारण ती गिऱ्हाइकाला द्यायचीच नव्हती. मी आजवर दोनदा पाहून, मूल पाठमोरं आहे आणि हललं आहे म्हणून बाजूला सारली होती. चादर तीच. मूल मांडीवर उभं आहे, जावळ विस्कटलेलं. कॅमेऱ्याकडे त्याने साफ पाठ फिरवली आहे. दोन्ही मुठींनी चादरीची कड उचलली आहे आणि तोंड आत घातलं आहे. जेवढी फट पडली, तेवढ्यात नेमकं त्याचंच डोकं आडवं आलं आहे. भिंग लावून लावून पाहिलं, पलीकडचं काही दिसत नाही. इतर काचांत आईचा एकच हात बाहेर असतो. हिच्यात दोन्ही आहेत, मुलाच्या पाठीवर.

काठावर मोडीत एवढंच कोरलं आहे: माला.

ही काच द्यायची की घरी ठेवायची, हे तू ठरव. बाकीच्यांचंही तूच ठरव. नको म्हणालीस तर गाडी रिकामी परत पाठवीन आणि माळ्यावरचं छप्पर शाकारून घेईन, एका शब्दाने बोलणार नाही. सर्वांस यथायोग्य. लोभ, माले, आणखी काय लिहू.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
सांगली,
ता. १७ डिसेंबर १९४९

ती. दादा यांस,

मालाचा शि. सा. न. वि. वि. सही करून कागद पाठवत आहे. सगळ्या काचा द्या, माझीसुद्धा द्या. कोरड्या कपाटात राहू दे ती. मला कागदावरचा फोटो पुरे.

पाकिटांवर नावं घालाल तेव्हा तान्ह्या मुलांच्या पाकिटावर आधी आईचं नाव, चंद्राबाई, लिहा, मग मुलाचं नाव. त्या गृहस्थांनी कां म्हणून विचारलं, तर म्हणावं मांडी तिची आहे. रंग सगळ्याच काचांचा पुसू नका मात्र. थोड्या तशाच असू द्या. आप्पांनी आपल्या परीने तिला जपलं होतं, तेही कुणाला कळू दे.

तुमचा लिफाफा आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. तुम्ही सांगितलं तसा तो फोटो शेवटी पाहिला. आधी नुसतं माझं विस्कटलेलं डोकं दिसलं आणि त्या डोक्याचा असा संताप आला! वीतभर बाजूला झालं असतं तर आई दिसली असती. किती वेळ त्या पोरीशी मनातल्या मनात भांडत बसले, की हल, गं बये, जरा हल.

ती हलली नाही. मग कधीतरी ध्यानात आलं, की ती बया मी आहे.

इतकी वर्षं जो भेटला त्याला मी सांगत आले, की मला आई बघायला मिळाली नाही. दादा, ते खरं नव्हतं. मी तिला बघितलं आहे. दोन्ही हातांनी चादर उचलून, तिच्या श्वासाइतक्या जवळून बघितलं आहे. मला आठवत नाही, एवढंच.

वहिनींना माझा नमस्कार, आणि दोघांचाही माझ्यावर लोभ राहो.

आपली,
माला